न ऐकलेली प्रत

शनिवार, एकोणीस ऑक्टोबर. सकाळची वेळ. साकीनाका, सर्व्हर रूम.

हजर: मी (प्रशासन). दीपेश (सिस्टीम्स, माणिकच्या जागेवर आलेला). नंदू तांडेल (माणिकचा भाऊ, मुद्दाम बोलावून). ॲल्युमिनियमचा एक गोल डबा. आत तांदूळ, तांदळात डिस्क.

गैरहजर: माणिक तांडेल.

कुठल्याही बैठकीची नोंद मी अशीच सुरू करते. हजर कोण, गैरहजर कोण, गैरहजेरीचं कारण काय. कारणाच्या रकान्यात रजा, आजारी, बाहेरगावी असं काहीतरी लिहायचं असतं. तिथे मी एक रेघ मारली आणि पुढच्या ओळीवर गेले.

आमची कंपनी लिफ्टचे सुटे भाग बनवते. खाली कारखाना, वर ऑफिस. ड्रॉइंग्ज, ऑर्डरी, पगार, साठा, सगळं एका सर्व्हरवर असतं आणि त्याचा रोज बॅकअप घेतला जातो. तसा तो सगळ्याच कंपन्यांत घेतला जातो. माणिकच्या मते त्यांपैकी निम्म्यांना नुसता घेतल्याचा आनंद असतो. "घेतला म्हणजे बॅकअप नव्हे," ती म्हणायची, "परत आला म्हणजे बॅकअप." स्क्रीनवर हिरवी खूण आली, काम यशस्वी असं लिहून आलं, की दीपेशच्या आधीचा मुलगा खूश व्हायचा. ती त्याला म्हणायची, "मासळीबाजारात पाटीवर ताजी म्हणून लिहिलेलं असतं रे. तू कल्ले उघडून बघतोस की नाही?"

म्हणून महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी परीक्षा. बॅकअपच्या डिस्कवरून काहीतरी प्रत्यक्ष परत आणायचं, उघडायचं, ज्याचं त्याला दाखवायचं. त्यासाठी माणिक ऑफिसभर फिरून गिऱ्हाईक शोधायची.

"वीणा, तुझं काय हरवू आज?"

"माझ्या नादी लागू नकोस गं, ऑडिट आहे."

"मग ऑडिटचंच हरवते."

आणि खरंच, माझ्यासमोर माझा फोल्डर पुसायची. मूळ प्रत तिने बाजूला ठेवलेली असायची, ते मला माहीत असायचं, तरी मी स्क्रीनकडे बघत बसायचे. मग ती आत जायची, डिस्क लावायची, आणि थोड्या वेळाने तिथूनच ओरडायची, "बघ गं, आलं का तुझं पोर घरी!" आमचे मालक मेहताशेठ यांचंही तिने एकदा हरवलं होतं. ते घामाघूम झाले. फाइल परत आल्यावर म्हणाले, "तू मला मारशील एक दिवस." ती म्हणाली, "नाही मरणार शेठ, तुमची कॉपी आहे माझ्याकडे."

हे सगळं ती ओरडून बोलायची. हळू बोलणं तिला जमत नसे. माणूस बुटका, वेणी जाड, अंगात करड्या रंगाचा स्वेटर. भर मे महिन्यात अंधेरीच्या बाजूला स्वेटर घालून फिरणारी ती एकटीच असावी. सर्व्हर रूममध्ये थंडी असते आणि बाहेर आल्यावर स्वेटर काढायचं तिला भान नसायचं. पण माणसाआधी आवाज यायचा. जिन्यात आला की वरच्या मजल्यावर आम्ही चहाचे कप मोजायला घ्यायचो. खारदांड्याची ती. आई मासे विकायची, आणि माणिक लहानपणी तिच्या पाटीशेजारी बसून हाळी द्यायची. "आयचा घसा बसला की मी," असं ती सांगायची. "मी तिचा बॅकअप."

*

बॅकअपची एक प्रत ऑफिसच्या बाहेर असली पाहिजे, असा नियम आहे. इथे आग लागली, पाणी शिरलं, तर दुसरीकडे काहीतरी उरावं म्हणून. ती प्रत दर शुक्रवारी माणिकच्या घरी जायची, परीक्षेच्या शनिवारी तेवढी परत यायची. आता दांड्याला घर म्हणजे समुद्राच्या तोंडावर. खाऱ्या हवेत खिडकीचे गज गळून पडतात, तिथे डिस्क काय टिकणार? मी तिला सांगितलं, माझ्याकडे दे, मी मुलुंडला राहते, कोरडी हवा. ती म्हणाली, "तुझ्या घरी तू ती कपाटात लावून ठेवशील, कपाटाला कुलूप, कुलपाची चावी दुसऱ्या कपाटात. गरज पडली तर तुलाच सापडणार नाही." मग तिनेच उपाय काढला. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी आयच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात, आणि ते गाठोडं तांदळाच्या डब्यात. तांदूळ ओल ओढून घेतो म्हणे. कंपनीने नंतर तिला ओल न शिरणारी चांगली पेटी घेऊन दिली. तिने ती पेटी डब्यात मावत नाही म्हणून परत केली.

तांदूळ ती मधूनमधून बदलायची. जुना फेकायची नाही. "काल कंपनीचा भात खाल्ला," असं सांगायची. "साठ्याचा जरा खारट लागला."

हा डबा घेऊन ती मेट्रोने येत असे. एकदा अंधेरीला चढतानाच सामान तपासायच्या यंत्रात डबा अडला. स्क्रीनवर तांदळाच्या आत चौकोनी काळं काहीतरी दिसलं आणि सुरक्षेवाल्या बाईंनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. मला फोन आला. फोनवर तिचं त्यांच्याशी चाललेलंच ऐकू येत होतं.

"मॅडम, इसमें क्या है?"

"चावल है."

"चावल के अंदर क्या है?"

"कंपनी है."

शेवटी ट्रेमध्ये सगळा तांदूळ ओतावा लागला. ती आमचीच माणूस आहे असं माझं पत्र पोहोचेपर्यंत ती तिथे उकिडवी बसून सांडलेले दाणे वेचत होती आणि त्या सुरक्षेवाल्या बाईंना भरलं पापलेट कसं करायचं ते सांगत होती. नंतर त्या बाई तिला लांबूनच हात करायच्या.

डब्याची टिंगल मीही केली आहे. ती बंद झाली एका सोमवारी. शनिवार-रविवारात एसीची पाण्याची नळी तुंबली आणि पाणी थेट सर्व्हरवर ठिबकत राहिलं. सर्व्हरच्या डिस्का गेल्या. ऑफिसातली बॅकअपची डिस्क त्याच्याच खालच्या फळीवर होती, ती त्याच पाण्यात. मेहताशेठ दारात उभे राहून "वाट लागली, वाट लागली" एवढंच म्हणत होते. खाली कारखान्यात यंत्रं बंद, कारण कुठला भाग कुठल्या मापाचा ते सांगणारी ड्रॉइंग्ज गेलेली.

माणिक डबा घेऊन आली. शेठ म्हणाले, "माणिक, आता काय होणार?"

"काय होणार शेठ? जेवायला वाढते तुम्हाला." तिने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि तांदूळ ओतला.

भाड्याने आणलेल्या मशीनवर ती दिवसभर एकेक फोल्डर उतरवत होती. मध्ये जेवली नाही. मी माझा जेवणाचा डबा उघडून तिच्यापुढे धरला तर एका हाताने खाल्लं. मी विचारलं, "तुला भीती नाही वाटत, नसलं तर?" ती म्हणाली, "आम्ही सुकट कशाला करून ठेवतो गं? पावसात होड्या बंद असतात म्हणून. आमचा समुद्र निदान सांगून बंद होतो. तुमचा सांगत नाही, म्हणून मला दर महिन्याला चव घेऊन बघावी लागते." दुपार कलल्यावर पहिलं चलन छापून आलं, नाशिकच्या ऑर्डरचं. तिने ते दोन्ही हातांत धरलं आणि दांड्याच्या बाजारात द्यावी तशी हाळी दिली, "नाशिकचे ब्रॅकेट घ्या गंऽऽ, ताजे ब्रॅकेट!" खाली कारखान्यात टाळ्या पडल्या.

ती हाळी मी इतक्या सविस्तर लिहिते आहे, कारण ती पुन्हा कुणी ऐकली नाही.

*

घसा बसला तेव्हा एसीमुळे असेल असं आम्हाला वाटलं. मग पावसामुळे. मग तपासण्या झाल्या. गाठ स्वरयंत्रावर होती आणि स्वरयंत्र काढणं हाच मार्ग आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. जीव वाचण्याची शक्यता बरी होती. आवाज राहणार नव्हता.

हे तिने मला सर्व्हर रूममध्ये बोलावून सांगितलं, घोगऱ्या पण अजून तिच्याच आवाजात. रडली नाही. तिची काळजी एकच होती. "आयचं काय करू, वीणा?"

आयला काचबिंदूने काही दिसेनासं झालं होतं. घरात माणिक, नंदू, नंदूची बायको. आय बाकीच्यांना पावलांवरून ओळखायची, पण माणिकला आवाजावरून. माणिक गल्लीच्या तोंडापासूनच "आय, मी आलेऽ" अशी हाक द्यायची आणि आय आतून ओ द्यायची. लहानपणापासून तसंच. त्या ओ-शिवाय ती उंबरा ओलांडत नसे.

"तिला सांगितलंस?"

"सांगितलं. ती विचारते, आवाज जाणार म्हंजे कुठं जाणार गो? मी म्हटलं, जाऊ दे, कॉपी ठेवते."

म्हणजे तिने ठरवलेलंच होतं. मला बोलावलं होतं यादीसाठी.

यादी मी केली. माणसाला घरात रोज काय बोलावं लागतं? आय, मी आले. जेवलीस का? औषध घेतलंस का? पाणी आलंय नळाला. नंदू कुठे गेला? हो. नाही. झोप आता. मी लिहीत गेले, ती फोनवर रेकॉर्ड करत वाचत गेली. "एवढंच बोलते मी दिवसभर?" ती म्हणाली. "भांडण लिही की." मग शेजारणीशी नळावरचं भांडण घातलं, ते तिने एकदम झोकात म्हटलं, दोन शिव्या जास्तीच्या घालून. मध्येच आम्हाला हसू आवरेना, मग ते पुसून पुन्हा. सर्व्हर बंद करता येत नाही, त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या मागे पंख्यांची घरघर आहे.

सगळी वाक्यं तिच्या फोनवर घातली. बोट लावलं की वाक्य वाजेल अशी. एक प्रत सर्व्हरवर, एक ऑफिसातल्या बॅकअपच्या डिस्कवर, एक तांदळात. फोल्डरला तिने नाव दिलं, 'माणिक'.

शस्त्रक्रियेनंतर ती घरी गेली तेव्हा मी बरोबर होते. गल्लीच्या तोंडाशी तिने फोन काढला आणि बोट लावलं. "आय, मी आलेऽ." आतून ओ आली. माणिकने माझ्याकडे पाहिलं. नियम पाळला गेला होता. आम्ही आत गेलो. आयने तिचा चेहरा चाचपला, गळ्याजवळ हात गेला तेव्हा तिथेच थांबला. मग विचारलं, "मागं वारा कसला वाजतो? होडीवर होतीस काय गो?"

माणिक हसली. हसण्याचा आवाज झाला नाही.

"दुखतं काय, बाय?" आयने विचारलं.

यादीत दुखण्याबद्दल काही नव्हतं. आम्ही दोघींनी इतकं नीट बसून सगळं लिहिलं, नळाचं पाणी लिहिलं, शेजारीण लिहिली, आणि हे सुचलं नाही. माणिकने यादीवर बोट फिरवलं आणि जे होतं ते लावलं. "नाही." ठणठणीत, भांडणाच्या आधी म्हटलेलं, हसू दाबलेलं "नाही".

 आयने फोन माणिकच्या हातातून काढून बाजूला ठेवला. "हा आवाज बरा होता तवाचा हाय," ती म्हणाली. "तू हात धर."

त्यानंतर त्यांचं चालायचं ते हातावर. एकदा दाबलं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. फोन फक्त गल्लीच्या तोंडाशी, त्या एका हाकेपुरता.

*

ती कामावर परत आली. गळ्याला रुमाल, हातात मुलांची असते तशी पाटी. आता बोलावायचं झालं की टाळी वाजवायची, आणि आम्ही सगळे माना वर करायचो. दीपेशला तिनेच शिकवलं, पाटीवर लिहून. पाटीवर लिहिलेलं रागावणं पुसता येतं, पण ओरडलेलं पुसता येत नाही, म्हणून तो म्हणे पूर्वीच्या मुलापेक्षा नशीबवान. असं तिने स्वतःच लिहून दाखवलं होतं. परीक्षा चुकली नाही. गिऱ्हाईक शोधायला ती पाटी घेऊन फिरायची: 'तुझं काय हरवू?'

फक्त एका फोल्डरची परीक्षा तिने कधी घेऊ दिली नाही. एका शनिवारी दीपेशने डिस्कवरून सहज 'माणिक' निवडला. तिने माउसवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि बाण हळूच खालच्या फोल्डरवर नेला. मी म्हटलं, "अगं, नियम तुझाच आहे. परत आणून बघितल्याशिवाय—" तिने पाटी उचलली, काही लिहायला घेतलं, आणि न लिहिताच खाली ठेवली. मी पुन्हा विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी मी तिला शेवटची चालती-बोलती पाहिली. चालती-बोलती असं सवयीने लिहिलं, राहू दे. साकीनाक्याच्या रस्त्याच्या पलीकडे ती मेट्रोच्या जिन्याशी उभी होती, स्वेटर अंगात, डबा छातीशी. मधे टेम्पो, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. मी इकडून ओरडले, "माणिक, सोमवारी लवकर ये गं!" पूर्वीची असती तर तिच्या उत्तराने वाहतूक थांबली असती. तिने माझ्याकडे पाहिलं, डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि जोरात हलवला. तांदूळ वाजला असणार. माझ्यापर्यंत काही आलं नाही. ती हसली आणि जिना चढली.

सोमवारी ती आली नाही. आजार परतला होता आणि या वेळी त्याने फार वेळ घेतला नाही. हॉस्पिटलच्या शेवटच्या धावपळीत तिचा फोन कुठेतरी गेला तो गेलाच. पाटी मिळाली. आयने शेवटपर्यंत हात धरला होता. नंदू म्हणाला, शेवटी आयने काहीतरी विचारलं आणि माणिकने हात एकदाच दाबला. काय विचारलं ते आयने कुणाला सांगितलं नाही.

*

तर आजची परीक्षा.

दीपेशने डबा उघडला, लुगड्याचा तुकडा सोडला. त्याला तांदळाचा उपाय अडाणीपणाचा वाटतो, पण दाणे त्याने एकेक करून परत डब्यात टाकले. डिस्क लागली. पगार परत आला, उघडला, बरोबर. ड्रॉइंग्ज परत आली, बरोबर. मग स्क्रीनवर 'माणिक'.

"साइज दिसतेय," दीपेश म्हणाला. "फाइल्स आहेत. बहुतेक ठीक असणार."

माणिक असती तर काय म्हणाली असती ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. साइज बघून पोट भरत नाही.

फोन गेल्यापासून हा आवाज जगात फक्त या डिस्कांवर आहे, आणि त्यांच्यावरून तो एकदाही परत आलेला नाही. सर्व्हरवरची, ऑफिसातली आणि तांदळातली, तिन्ही एकाच दिवशी एकाच फोनवरून उतरवलेल्या. उतरवतानाच काही बिघडलं असेल तर तिन्हींत तेच बिघडलेलं असणार. मी नंदूला बोलावलं होतं ते यासाठी. घरच्या माणसासमोर उघडावं, वाजत असेल तर नव्या फोनवर घालून आयला नेऊन द्यावं, असं मी आजच्या कामांच्या यादीत लिहिलं होतं.

नंदू उभाच होता. तो म्हणाला, "ताई, आयने नाही सांगितलंय."

"काय नाही?"

"वाजवायचं नाही. तिच्या आधी कुणी ऐकायचं नाही."

"मग आपण दांड्याला नेऊन तिच्यासमोरच—"

"तेही नको म्हणते." त्याने खिशातून फोन काढला. "तुम्हीच बोला."

आयचा आवाज माझ्या कानात पडला. तोच आवाज, म्हातारा झालेला. खाली उतरताना थोडा चिरकणारा, तसाच मोठा. माणिक कुणाचा बॅकअप होती ते मला तेव्हा कळलं.

"आय, मी वीणा."

"वळखलं गो. हाय ना तो डब्यान?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. दीपेश माझ्याकडे पाहत होता. मी आयुष्यात न तपासलेल्या गोष्टीपुढे कधी खूण केलेली नाही.

"आहे, आय."

"मंग ऱ्हाऊ दे. सुकट कुणी भर होड्या चालू असताना काढतं काय? अजून माझ्या कानान हाय ती. रोज सांजचे गल्लीच्या तोंडाशी येते, हाक मारते. मी ओ देते. ज्या दिवशी नाय आयकू येणार, त्या दिवशी मागीन."

"आय, पण एकदा तपासून—"

"नको गो बाय. मी मागीन."

मी फोन नंदूला परत दिला. पंखे घरघरत होते. दीपेशने हळूच बाण खालच्या फोल्डरवर नेला. माणिकने त्याला शिकवलेलं शेवटचं तेच होतं. मग डिस्क काढली, पिशवीत घातली, लुगड्याच्या तुकड्यात बांधली. नंदूने डबा पुढे केला. त्यात तांदूळ त्याने घरूनच नवा भरून आणला होता.

डबा दांड्यालाच राहणार, असं ठरलं. दर शुक्रवारी नंदू घेऊन येईल, नवा बॅकअप चढला की घेऊन जाईल. 'माणिक' फोल्डरला कुणी हात लावायचा नाही.

नोंद पुढीलप्रमाणे.

पगार: परत आणला, तपासला.

ड्रॉइंग्ज: परत आणली, तपासली.

माणिक: बाकी.